शिवणबाई आणि खड्ड्याचं झाकण

तिला सगळे शिवणबाई म्हणत, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. घरातली तुटलेली बटणं तिचा नवरा लावायचा. ती शिवायची ते प्लास्टिक, आणि तेही पिशवीचं पातळ नव्हे. जोड्याच्या तळव्यासारखं चिवट, काळंकुट्ट, आणि एकेका गुंडाळीचं वजन इतकं की ती उतरवायला क्रेन लागायची. कामावर त्याला चादर म्हणत. अशा चादरी एकमेकींना जोडण्यात बाईची बावीस वर्षं गेली होती.

चादर कुणाला पांघरायची, तर कारखान्यांच्या विषारी घाणीला. रंगाचा गाळ, तेलाचा चिकटा, भट्टीची राख, जे नदीत सोडता येत नाही, जाळता येत नाही आणि कुणी आपल्या दारात ठेवून घेत नाही, ते सगळं शहराबाहेरच्या एका भल्यामोठ्या खड्ड्यात यायचं. खड्डा म्हणजे नुसता खणून ठेवलेला नाही. तळाला चिकणमाती दाबून बसवलेली, तिच्यावर काळी चादर, चादरीवर खडी, वर पुन्हा चादर. घाणीतून निथळणारं पाणी नळ्यांतून एका विहिरीत उतरायचं, तिथून उपसून शुद्ध करायला जायचं. खड्डा भरून त्याचा डोंगर झाला की वरूनही चिकणमाती दाबून चादर घालायची, तिच्यावर साधी माती, मातीवर गवत. आतलं बाहेर झिरपू नये म्हणून खालची चादर, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून वरची. पातेलं आणि झाकण, दुसरं काही नाही. फक्त या पातेल्यातलं शंभर वर्षांनीसुद्धा कुणी चाखायचं नाही.

दोन चादरींच्या कडा एकीवर एक घेऊन बाई त्यांच्यामधून तापलेलं यंत्र चालवायची. यंत्र मुंगीच्या पावलाने सरकायचं आणि बाई त्याच्यामागे कमरेत वाकून. मागे दोन शिवणी पडत आणि त्यांच्यामधे करंगळी जाईल एवढा बोगदा राही. मग बोगद्याची दोन्ही तोंडं बंद करायची, पोकळ सुई खुपसून हवा भरायची आणि पाच मिनिटं हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे डोळे लावून बसायचं. काटा खाली आला की शिवण कच्ची. बाई पाचाच्या ठिकाणी दहा मिनिटं बसायची. रोज सकाळी कामाआधी एक तुकडा जोडून तो ओढून बघायचा असाही नियम होता. चादर फाटली तर फाटू दे, शिवण सुटता कामा नये. बाई एकाऐवजी तीन तुकडे फाडायची.

"अगं, चादर फाडायला येतेस की जोडायला?" विहिरीचं पाणी मोजणारे मापकाका विचारायचे.

"काका, तुम्ही तुमचा टेप बुडवा. माझ्यात नाक बुडवू नका."

या खड्ड्यावर एक मोठे साहेब होते. त्यांचे बूट इतके चकचकीत असत की त्यात बघून भांग पाडावा. त्यांना दोन गोष्टींची भारी हौस, एक सोहळ्यांची आणि दुसरी फलकांची. 'टोपी घाला', 'हळू चालवा', 'आपला खड्डा, आपला अभिमान', असे जागोजागी फलक. एकदा एक कामगार फलकाला टेकून पाणी पीत होता, तर आठवड्याभरात तिथे 'फलकास टेकू नये' असा दुसरा फलक उभा राहिला.

खड्ड्याचं झाकण पुरं झालं तेव्हा साहेबांनी अर्थातच सोहळा काढला. मोठे पाहुणे आले, वर्तमानपत्रवाले आले. बंद केलेल्या डोंगराच्या माथ्यावर, झाकणाच्या ऐन मधोमध, पांढराशुभ्र मांडव पडला. ज्यांनी झाकण घातलं त्यांना मात्र बोलावणं नव्हतं. जागा कमी आहे, असं कळवण्यात आलं. चार फुटबॉलची मैदानं मावतील एवढा डोंगर तो, पण शिवणबाईला टेकायला तिथे जागा कमी पडली. ती खाली सामानाच्या खोलीत यंत्राच्या वायरी गुंडाळत बसली होती आणि कर्ण्यातून साहेबांचा आवाज येत होता. "पाण्याचा एक थेंब, एक थेंबसुद्धा आता आत जाणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईला बरं वाटलं. नाव नाही घेतलं तरी थेंब तिनेच अडवला होता.

पुढे पाऊसपाणी झालं आणि मापकाकांचा चेहरा उतरला. झाकलेल्या खड्ड्याच्या विहिरीतलं पाणी आठवड्यागणिक कमी व्हायला हवं. ते वाढत होतं. काकांनी खरं ते लिहिलं.

साहेब म्हणाले, "टेप जुना झालाय. नवीन घ्या."

नवीन टेप आला. पाणी तेवढंच भरलं. मग साहेबांनी एक तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी दोन दिवस छत्री धरून डोंगरावर फेऱ्या मारल्या, एकदाही वाकले नाहीत, आणि कागदावर लिहून दिलं की झाकणाची शिवण उसवली असावी.

शिवणबाईला वर बोलावलं. साहेबांनी बसायला सांगितलं तिथेच तिने ओळखलं की काहीतरी बिनसलंय, कारण बावीस वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

"हे बघा बाई, माणूस आहे, चूक होते. इथे सही करा. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' एवढंच लिहिलंय."

"आणि माझ्या दाखल्याचं काय?"

जोडणीचा दाखला म्हणजे तिचं सगळं बळ. तो गेला की कुठल्याही खड्ड्यावर कुणी तिला यंत्राला हात लावू देणार नव्हतं.

"दाखला जमा करावा लागेल. पण आम्ही काही वाऱ्यावर सोडणार नाही हो. कामगारांचे कपडे धुण्याच्या विभागात बघू."

"शिवण उघडून बघितलीत का साहेब?"

"तज्ज्ञांनी सांगितलंय."

"तज्ज्ञांनी उघडून बघितली का?"

तज्ज्ञांनी चष्मा पुसला.

"माती काढा," बाई म्हणाली. "तुम्ही बोट ठेवाल ती शिवण मी हवा भरून दाखवते. एक जरी सुटली तरी सही करते, दाखलाही देते, आणि तुमचे कपडेसुद्धा धुते."

तीन जागा तज्ज्ञांनीच निवडल्या. माती बाजूला झाली, बाईने सुई खुपसली, हवा भरली. पहिल्या शिवणीचा काटा हलला नाही. दुसरीचा हलला नाही. तिसरीच्या वेळी साहेबांनी काचेवर टिचकीसुद्धा मारून बघितली. काटा जागच्या जागी.

तज्ज्ञ म्हणाले, "तीन धड निघाल्या म्हणजे दोष चौथीत असणार."

"आणि चौथी धड निघाली तर?"

"तर पाचवीत."

एकूण शिवणी तीनशेच्या वर होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सगळा डोंगर उकरत बसायला सवड नाही, उद्या दुपारपर्यंत सही झालीच पाहिजे, असं बजावून टाकलं.

संध्याकाळी बाई घरी आली ती तडक भांडी घासायला लागली. तिच्या सासूबाईंना दोन गोष्टी चटकन कळत, एक दूध नासलेलं आणि दुसरी सून नासलेली.

"काय गं, पातेल्याचं बूड काढतेस का आता?"

मग बाईने सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "सही करून टाक, कटकट मिटेल." सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने बटणांचा डबा काढून बसला.

सासूबाईंनी फडताळातली भांडी सरकवली आणि खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद ओढून काढला. सोहळ्याच्या फोटोचा होता. फोटोत सून नाही म्हणून त्यांनी तो रागाने फडताळात घातला होता, डब्यांखाली. आता चष्मा लावून त्या बघायला लागल्या.

"तिथे वर वारा असतो ना गं?"

"असतो म्हणजे? टोपी टिकत नाही डोक्यावर."

"मग हा एवढा मांडव कसा टिकला? थुंकी लावून चिकटवला होता का?"

बाईचा हात साबणातच थांबला. फोटोत मांडवाच्या चारी बाजूंनी दोर ताणलेले दिसत होते. दोर खाली जात होते आणि कागदाच्या घडीपाशी दिसेनासे होत होते. दोराच्या टोकाला खुंटी असते. झाकणावरची माती होती दीड हात. आणि वर वारा भारी म्हणून मांडववाल्याने खुंट्या कुठल्या ठोकल्या असतील, ते तिला विचारावंच लागलं नाही. मांडव सुटल्यावर त्या ट्रकमधे फेकताना तिने स्वतः बघितल्या होत्या. लोखंडी, अडीच हातांच्या. खणखण वाजत होत्या.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही तज्ज्ञ का नाही झालात?"

"मला वाकता येतं ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तो तेलकट कागद आणि फावडं घेऊन डोंगरावर चढली. मापकाका टेप घेऊन मागे. फोटोत डाव्या अंगाला खड्ड्यातली हवा बाहेर सोडणारा पांढरा नळ दिसत होता, त्याच्यावरून तिने मांडवाचा कोपरा धरला आणि हलक्या हाताने माती ओढायला लागली. तज्ज्ञ छत्री घेऊन आलेच.

"परवानगी आहे का खणायची?"

"तुम्हीच द्या की. नाहीतर धरा हे फावडं."

काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी छत्री मिटली आणि फावडं धरलं. हातभर माती निघाली, मग आणखी अर्धा हात, आणि काळ्या चादरीत एक भोक दिसलं. स्वच्छ, गोल, अंगठा जाईल एवढं. काकांनी टेप लावला. सहा पावलांवर दुसरं. पुन्हा सहा पावलांवर तिसरं. मांडववाला कामाला चोख होता, एका रेषेत ठोकत गेला होता. दुपारपर्यंत छत्तीस भोकं मोजून झाली. मधोमध, जिथे उभं राहून साहेब थेंबाविषयी बोलले होते, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक. तज्ज्ञ आता गुडघ्यावर बसले होते आणि त्यांना त्यात मजा यायला लागली होती.

"झाली सगळी?" त्यांनी विचारलं.

बाईने मान वर केली. समोर, मांडवाच्या जागेपासून थोडा बाजूला, दोन लोखंडी पायांवर सोहळ्याच्याच दिवशी उभा केलेला साहेबांचा लाडका फलक होता. 'येथे खणण्यास सक्त मनाई आहे. खाली संरक्षक चादर आहे.'

काकांनी एक पाय धरला, तज्ज्ञांनी दुसरा, आणि फलक हलवून हलवून उपटला. पायांना खाली चिकणमाती लागलेली होती, म्हणजे चादरीच्याही पोटातून आरपार गेलेले. माती काढली. एका पायाने चादर चांगली वीतभर उभी चिरत नेली होती. आणि ती चीर जाऊन थांबली होती बाईच्या शिवणीपाशी. तिथून पुढे एक रेघ नाही. चादर फाटली होती, शिवण सुटली नव्हती. बाईने तिच्यावरून बोट फिरवलं, आणि मग नाक पुसायला तिला हातमोजा काढावा लागला.

साहेब धापा टाकत वर आले. सगळं बघितलं. उपटलेला फलक त्यांनी दोनदा वाचला, जणू काही तो दुसऱ्या कुणी लिहिला होता.

"बरं झालं सापडलं," ते म्हणाले. "कालचा तो कागद आपण विसरून जाऊ. बाई, तुमचा दाखला तुमच्याकडेच. आता पटकन ठिगळं मारा आणि माती ओढा."

"मारते. एकेक तपासून मारते."

ठिगळांचाही एक नियम असतो. भोकावर गोल तुकडा चिकटवायचा, कडेने वितळलेलं प्लास्टिक फिरवायचं, वर साबणाचं पाणी ओतून, काचेची पेटी दाबून आतली हवा ओढून बघायची, बुडबुडा आला तर पुन्हा. आणि मग पांढऱ्या रंगाने त्या ठिगळावर लिहायचं: नंबर, तारीख, जोडणाऱ्याची खूण, आणि भोक पडण्याचं कारण. नकाशेवाला नंतर येऊन प्रत्येक ठिगळ नकाशावर उतरवून घेतो.

साहेबांना हा नियम ठाऊक होता, कारण त्याचाही त्यांनी फलक केला होता. ते जरा जवळ सरकले.

"कारणाच्या जागी 'अज्ञात' लिहा. मातीखालीच तर जायचंय. कोण बघतंय?"

"हो साहेब," बाई म्हणाली.

चार दिवस ती गुडघ्यांवर होती. अक्षर तिचं मूळचं गिचमिड, शाळा चौथीत सुटलेली, पण त्या चार दिवसांत तिने एकेक अक्षर मांडी घालून बसवलं. पहिल्या ठिगळावर लिहिलं: 'कारण: सोहळ्याच्या मांडवाची खुंटी.' दुसऱ्यावर तेच. छत्तीस वेळा तेच. सदतिसाव्यावर आणि अडतिसाव्यावर लिहिलं: 'कारण: खणण्यास मनाईचा फलक.'

नकाशेवाला आला. तो अबोल माणूस, त्याच्या धंद्यात दिसेल ते उतरवतात, मनाने काही घालत नाहीत आणि गाळत नाहीत. त्याने अडतीस ठिगळं अडतीस ओळींत जशीच्या तशी उतरवली. मग माती ओढली, गवत पेरलं. नकाशा वरच्या कार्यालयात गेला, आणि तो खड्डा बंद झाल्यापासून तीस वर्षं जपून ठेवावा लागतो, असा कायदा आहे. साहेबांना निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

विहिरीचं पाणी हळूहळू उतरायला लागलं. मापकाका रोज आकडा सांगायला मुद्दाम वळसा घेऊन बाईपाशी यायचे.

महिन्याभराने साहेबांनी निरोप पाठवला. दुरुस्ती यशस्वी झाल्याबद्दल एक छोटासा सोहळा करायचा आहे, या वेळी शिवणबाईंना खास बोलावणं आहे, खुर्ची पहिल्या रांगेत.

बाईने निरोप्याला विचारलं, "मांडव कुठे घालणार आहेत?"

निरोप्याने डोंगराच्या माथ्याकडे बोट दाखवलं.

"साहेबांना सांग, येते म्हणावं," बाई म्हणाली आणि यंत्र खांद्याला लावलं. "ठिगळांचा डबा घेऊन येते."