मामा उठले

वडिलांचं दहावं व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी बैठक भरली होती आणि मी, खाली मांडी घातली की उठवायला माणूस लागणारा, सरळ वडिलांच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसलो. चहा आला. कप घ्यायला उठलो, तशी फळीवरच्या फोनमधून माझ्या बायकोच्या आवाजात हाक आली, "मामा उठले! मामा उठले!"

सगळ्यांच्या माना फळीकडे वळल्या. मामा म्हणजे तिचे सासरे, माझे वडील.

बायको दवाखान्यात नर्स आहे. चाळिशी उलटल्यावर तिनं नर्सिंग आणि कॉम्प्युटर एकत्र शिकवणारं एम.एस्सी. धरलं. दर शनिवारी जालन्याहून संभाजीनगरची बस. "सुई टोचायला कॉम्प्युटर कशाला?" असं पाहुणे विचारायचे. मी म्हणायचो, "मोठं शिक्षण आहे." मलाही तेवढंच माहीत होतं. वडील एकदा खाटेवरून उठताना पडले, म्हणून तिनं प्रोजेक्टही त्यावरच घेतला. गादीखाली वजन ओळखणारी एक पट्टी, फोनला जोडलेली. पेशंट उठला की फोननं हाक मारायची.

वडील झोपेतच गेले. त्या सकाळी फोन काही बोलला नाही. बराबर होतं त्याचं. ते उठलेच नव्हते. तेव्हापासून बायकोनं पट्टीकडे पाहिलं नव्हतं. महिनाअखेरीला प्रोजेक्ट दाखवायचा होता, नाहीतर डिग्री राहिली. "सरांना फोन करते, न्हाई जमणार म्हणून," एवढंच म्हणाली होती. मी "बरं" म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

भोकरदनहून आलेली माझी आत्याच शेवटी बायकोला म्हणाली, "मंग बसून काय राह्यली ग? उठला तर पाणी दे त्याला."

कोणी हसलं, कोणी डोळ्यांना पदर लावला. मला दोन्ही जमलं नाही. उभ्यानंच चहा पिऊन टाकला. गरम होता की गार, आठवत नाही.

पाहुणे गेल्यावर पट्टी काढून टाकावी म्हणून मी गादी उचलली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही वजनानं मामांच्या दुप्पट, तरी पट्टीला मामाच वाटले. सरांना दाखवायच्या आधी हे नीट करावं लागन. बसा परत. अन् आता मामांसारखं उठा, हळू."