परवान्याइतकेच वॉट

श्री. वामन लक्ष्मण ठोंबरे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती चोर आणि पोलीस या नात्याने. त्यात चोर मी होतो. गौरवग्रंथात असं लिहू नये, हे मला कळतं. पण साहेबांविषयी खोटं लिहायला माझा हात धजत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. साहेबांच्या अमृतमहोत्सवाला साहेबच येणार नाहीत, असा बंगळुरूहून निरोप आहे. कारण लिहू नये अशी समितीची सूचना आहे. ती मी पाळणार नाही, कारण साहेबांनी यावं एवढ्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो आहे.

ते दिवस पेजरचे होते. आजच्या मुलांना पेजर म्हणजे काय ते सांगावं लागतं. पट्ट्याला अडकवायची एक डबी. कुणीतरी फोन करून निरोप सांगायचा, ऑपरेटर मुलगी तो टाइप करायची, आमचा ट्रान्समीटर तो हवेत सोडायचा आणि डबी वाजायची. उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. पनवेलबाहेरच्या टेकडीवर, उरणच्या खाडीकडे तोंड करून आमच्या कंपनीचा टॉवर होता आणि तिथला ट्रान्समीटर मी सांभाळत असे. तो किती वॉटवर चालवायचा, अँटेना किती उंच ठेवायची, हे सरकार परवान्यात लिहून देई. ते पाळलं जातं की नाही हे बघणारे केंद्राच्या बिनतारी खात्यातले निरीक्षक म्हणजे ठोंबरेसाहेब.

मी ते पाळत नसे. रोडपालीचे डॉक्टर तक्रार करायचे की नव्या इमारतींत पेजर वाजत नाही. मग मी पॉवर वाढवायचो. तपासणीची कुणकुण लागली की उतरवायचो. सगळेच तसं करत, आणि त्यात काही चुकतंय असं आम्हाला वाटतही नसे. डॉक्टरांची सोय होत होती ना!

साहेब आले त्या सकाळी मी वॉट बरोबर परवान्याइतके करून ठेवले होते. त्यांनी मीटर लावला, आकडा वहीत लिहिला. मी चहा मागवतो म्हणालो, तर त्यांनी पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला आणि त्यातला अर्धा चहा मलाच दिला. तपासणीला गेल्यावर तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांची रीत. चहा संपल्यावर त्यांनी खिशातून एक पेजर काढून टेबलावर ठेवला. आमच्याच कंपनीचा, त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेला.

"काल मी कर्नाळ्याच्या पलीकडे बहिणीकडे गेलो होतो," ते म्हणाले. "तिथं हा वाजला. तुमच्या परवान्याप्रमाणे तिथं तो वाजायला नको."

"साहेब, हवामानाने कधीकधी रेंज वाढते..."

"हवामानाला मला नोटीस देता येत नाही हो. तुम्हाला देता येते."

नोटीस आलीच. पण ती येण्याआधी साहेब मला उरणजवळच्या एका कोळीवाड्यात घेऊन गेले. टॉवरवरच्या माझ्या जोडीदाराला त्यांनी सांगून ठेवलं होतं की बरोबर अकरा वाजता रोजच्यासारखी पॉवर वाढव. का, ते मला सांगितलं नव्हतं.

तिथं मच्छीमार सोसायटीच्या खोलीत होड्यांशी बोलायचा संच होता आणि संचापाशी जानकीबाई नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची होडी समुद्रात होती. त्याचा आवाज अगदी बारीक, पण येत होता. म्हातारा जाळ्याविषयी काहीतरी सांगत होता, बाई हसत होत्या. अकरा वाजले आणि संचातून कर्कश किरकिर सुरू झाली. म्हाताऱ्याचा आवाज त्यात बुडाला तो बुडालाच. ती किरकिर म्हणजे माझ्या ट्रान्समीटरने सोडलेला निरोप होता. रोडपालीतल्या कुठल्या तरी डॉक्टरांना कुणीतरी काहीतरी कळवत होतं.

"रोजचा हाय ह्यो," जानकीबाई म्हणाल्या. "आमी हाका मारून दमतो, पन तिकरचा काय आयकाला येत नाय. कोन करतंय त्ये पन कलत नाय. तुमी सरकारी मानसं ना? मंग बंद करा ना ह्ये."

मी मान खाली घातली. आता साहेब माझं नाव सांगणार, असं मला वाटलं. साहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे त्याच कामासाठी आलेत, बाई. उद्यापासून त्रास होणार नाही."

परतताना जीपमध्ये साहेब वहीत नोंद करत होते. मी शेवटी म्हणालो, "साहेब, मला माहीत नव्हतं." त्यावर ते एवढंच म्हणाले, "माहीत नसतंच. म्हणून तर आकडा लिहून देतात."

मालक माझ्यावर भडकले, डॉक्टर भडकले. साहेबांनी नोटिशीतलं एक अक्षर कमी केलं नाही. पण रोडपालीत दुसरा, छोटा ट्रान्समीटर बसवला तर दोन्ही गोष्टी साधतील, हे त्यांनीच सुचवलं. त्याच्या परवान्याचा अर्ज म्हणजे मोठं प्रकरण होतं. मी तीन रविवार त्यांच्या घरी गेलो. अर्जदाराला अर्ज लिहून देणं नियमात बसत नाही म्हणून साहेबांनी एक ओळही लिहून दिली नाही. मी लिहायचो, ते वाचायचे आणि जिथं चूक असेल तिथं नुसतं बोट ठेवायचे. चूक काय आहे ते मीच शोधायचं. तोवर साहेबांच्या पत्नी शालिनीकाकू पोहे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, सांगून टाका की त्याला. पोह्यांचा दगड होतोय." साहेब हसायचे, पण सांगायचे नाहीत.

पुढे मोबाइल आले आणि पेजरचा खेळ बघता बघता आटोपला. कंपनी बंद झाली. परवाना परत करायचा तर ट्रान्समीटर उतरवल्याचा दाखला लागतो. तो द्यायला साहेबच आले. मी शेवटचा स्विच बंद केला आणि मला रडू आलं. चाळिशीच्या आतच मी रिकामा झालो होतो. साहेबांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि विचारलं, "उद्या सकाळी काय करणार?"

"माहीत नाही, साहेब."

"मग माझ्याकडे या."

पुढचे कितीतरी महिने कचेरीला जायच्या आधीचा एक तास त्यांनी मला दिला. मोजमाप कसं घ्यायचं, मीटर खोटं बोलत असेल तर कसं ओळखायचं, हे सगळं मी त्यांच्या गॅलरीत बसून शिकलो. आज एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. द्रोणागिरीच्या गोदामांना मी वॉकीटॉकी पुरवतो. ठेकेदार म्हणतात, "सेठ, थोडा पॉवर बढाके दो ना." मी देत नाही. मग ते शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

साहेब निवृत्त झाल्यावरही रविवारची गॅलरी चालू राहिली. आम्ही चार-पाच जण जमायचो. पेजर गेले, टॉवर गेले, पण साहेब तिथं बसलेले असायचे. ते फार बोलत नसत. आणि बोलले की आम्ही आपोआप सरसावून बसायचो. त्या रविवारांची मला इतकी आठवण येते की हल्ली रविवारीही मी दुकान उघडून बसतो.

दीड वर्षापूर्वी साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, वाचा मात्र सावरली नाही. मुलगी त्यांना आणि काकूंना बंगळुरूला घेऊन गेली. काकू फोनवर म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं रे. पण शब्द सापडत नाही. पाणी हवं असलं की कागद म्हणतात. मग स्वतःवरच चिडतात आणि गप्प बसतात. चारचौघांत यायचं नाही म्हणतात."

हे ऐकूनही मी शहाणा झालो नाही. गेल्या महिन्यात काकूंनी फोन साहेबांच्या हातात दिला. पलीकडून श्वास ऐकू आला, मग एक अर्धवट अक्षर. मला ते सहन झालं नाही. मी बोलत सुटलो. समिती, हॉल, पाहुणे, दुकान, पनवेलचा उड्डाणपूल, जे सुचेल ते. दहा मिनिटांनी फोन बंद झाला. नंतर काकूंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "अरे, ते तुला काहीतरी सांगत होते. सकाळपासून त्याची तयारी चालली होती. तू बोलूच दिलं नाहीस."

साहेबांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेल्या माणसाने हे करावं! त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. ते काय सांगणार होते, ते मला ऐकायचं आहे. दुसरं काही नको.

म्हणून समितीशी भांडून मी हॉल रद्द करवला आहे. साहेबांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, शंभरीचा ग्रंथ काढायला आम्हीच जगलेलो-वाचलेलो असू दे, हे सगळं मनापासून आहेच. पण साहेब, तुम्ही या. तुमचं इथलं घर झाडून ठेवलं आहे. गॅलरीत पाच खुर्च्या आहेत. माइक नाही, हार नाहीत, भाषणं नाहीत. एका वाक्याला तुम्हाला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. आम्हाला कुठंही जायचं नाही.