पोलीस जीपची एकशे दहा हॉर्सपॉवर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता मला आठवतही नाहीत आणि त्याचं दुःखही नाही. गायमुख घाटातला तो अपघात मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी घोडबंदर रोडवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अपघात रोजचेच, पंचनामा लिहिताना हात आपोआप चालायचा. कळव्याचा एक तिशीतला माणूस आईवडील आणि बायकोला घेऊन वसईला साखरपुड्याला निघाला होता. चढावर त्याने कंटेनरला ओव्हरटेक करायला घेतलं. गाडी अर्ध्यातच रेंगाळली आणि समोरून डंपर आला. पुढच्या सीटवर बसलेले वडील गेले, बाकीचे वाचले. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा मुलावर दाखल झाला.

जबाबात तो एकच गोष्ट सांगत राहिला. "साहेब, गाडी निघायला पाहिजे होती. एकशे तीस हॉर्सपॉवर आहे. मी पॉवर वाढवून घेतलेली, कागद आहे."

कागद विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजचा होता, रंगीत आलेखासकट. मी तो फाइलला लावला आणि विसरलो. आपली चूक गाडीवर ढकलणारे ढिगाने पाहिले होते.

चार दिवसांनी ठाण्यात फोन आला. बोलणारा त्याच गॅरेजमधलं काम सोडलेला मेकॅनिक होता. "पॉवर मोजायला रोलरवर गाडी चढवतात, चाकं फिरवतात, ते सगळं खरं आहे साहेब," तो म्हणाला. "पण कागदावरचा आकडा शेठ गिऱ्हाईक बघून टाकतो."

आमची जीप तेव्हा पार थकलेली होती. सकाळची हजेरी झाली की दोन शिपाई तिला गेटपर्यंत ढकलत न्यायचे, मग ती चालू व्हायची. दोन पंच घेऊन मी तीच जीप गॅरेजवर नेली. गाडी ओढत नाही, मोजून द्या, एवढंच मालकाला सांगितलं. त्याने खुर्च्या मांडल्या, चहा मागवला, फी घ्यायला साफ नकार दिला. अर्ध्या तासाने कागद हातात आला. एकशे दहा हॉर्सपॉवर. जीप नवी असताना कंपनीनेसुद्धा एवढी कधी सांगितली नव्हती.

आमच्या हवालदार ड्रायव्हरने कागद निरखून पाहिला. "साहेब, उद्यापासून हिला ढकलायला चौघं लागतील," तो म्हणाला.

गॅरेजचा कॉम्प्युटर पंचांसमक्ष जप्त केला आणि मालकाला ठाण्यात आणलं. तास-दीड तास तो मशीनलाच दोष देत होता. मग मी जीपचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

"खरा आकडा किती आला होता?"

"पन्नासच्या आत."

"मग एकशे दहा का?"

"साहेबांची गाडी. कमी दाखवणं बरं दिसतं का?"

मला राग यायला हवा होता. आला तो थकवा. साहेबाला बरं दिसेल असा आकडा लिहिणारा तो काही एकटा नव्हता. आमच्या खात्यातही असे कागद मी उभी हयात वाचले, काहींवर सहीही केली.

"कंपन्या काय वेगळं करतात?" तो पुढे म्हणाला. "इंजिन बाहेर ठेवून मोजतात आणि जाहिरातीत गाडीची पॉवर म्हणून लिहितात."

मी मोटार वाहन निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, कंपनीचा आकडा खोटा नसतो, पण तो इंजिनचा असतो, तोही ते खूप जोरात फिरत असतानाचा. चाकापर्यंत पोचेतो गिअरबॉक्समध्ये थोडी ताकद जाते, एसी थोडी खातो, चार माणसांचं वजन वेगळंच. हे जाहिरातीत कोण लिहील? चाकावर मोजून इंजिनचा आकडा काढायचा, तर वाया गेलेली ताकद आकड्यात परत जोडावी लागते. किती जोडायची, ते कॉम्प्युटरमध्ये माणूसच भरतो. आमच्या मालकाची सगळी कला तिथे होती. त्या मुलाच्या गाडीची मूळ नोंद जप्त कॉम्प्युटरमध्ये सापडली. पॉवर काडीचीही वाढली नव्हती.

मालकाला अटक झाली. मुलावरचा गुन्हा राहिला, कारण ओव्हरटेक त्यानेच केला होता. तरी निदान त्याच्या मनावरचं ओझं उतरेल, या खात्रीने मी त्याला बोलावून घेतलं.

तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. मी फाइल बघतच बोललो. "तुझा कागद खोटा होता. गाडीत तेवढी ताकद नव्हतीच."

तो म्हणाला, "बाबा सांगत होते साहेब, राहू दे, मागेच राहू. मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही. घरातून निघताना तो कागद मीच त्यांना वाचून दाखवलेला."

तो अजून उभाच होता. खुर्ची पुढे सरकवली ती हवालदाराने.

गुन्हेगार सापडला की घरच्यांचं दुःख हलकं होतं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. तपासातून निघालेलं सत्य माणसाला दुःखात आणखी खोल नेऊ शकतं, हे निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. तपास मी चोख केला होता, आजही तेच म्हणेन. पण त्या दिवशी सांगण्याआधी मी त्याला साधं 'बस' म्हणालो नव्हतो.