पहिलं कडवं आपल्यांवर

आमच्या जिल्ह्यात फुटबॉल म्हणलं की लोक अजून हसतात. हसू द्या. ढोकीच्या रस्त्याला उसाच्या फडाशेजारी आमचं मैदान आहे. एका गोलमागं बाभळी, दुसऱ्यामागं ट्रॅक्टर उभे. मी कधी खेळलो नाही, मी ओरडणाऱ्यांतला. माझा धाकटा चुलतभाऊ गाणाऱ्यांतला. गळ्यात हलगी, आणि जागच्या जागी कडवं असं जुळवायचा की समोरचे खेळाडूसुद्धा पळता पळता हसायचे.

आमच्या गाण्याचा एक नेम होता. पहिलं कडवं आपल्यांवर, मग समोरच्यांवर. आमच्या गोलकीपरची ढेरी, आमच्या कोचची सासुरवाडी, सगळं आधी निघायचं. आपल्या माणसाला धुतल्याशिवाय दुसऱ्याला धुवायचा हक्क कुठला? ज्याच्यावर कडवं झालं नाही तो रुसून बसायचा, "म्या काय परका हाय व्हय?"

म्हणूनच साहेबांवर कडवं झालं. साहेब म्हणजे आमच्या भागातले नेते. टीमच्या जर्सी त्यांनीच दिलेल्या, आणि भाऊ त्यांच्याच कॉलेजात शिपाई, तोही कंत्राटावर. त्यांनी नुकताच पक्ष बदलला होता. फायनलला ते पुढं खुर्चीवर बसले होते. भावानं हलगीवर थाप मारली आणि गायला, हाफटाइमला बाजू आमीबी बदलतो, साहेब, पण जर्सी तीच ठेवतो. सगळं मैदान नाचलं. साहेबसुद्धा हसले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

कुणीतरी तेवढंच कडवं मोबाईलवर फिरवलं. संध्याकाळी साहेबांच्या नव्या पक्षाची पोरं भावाच्या दारात. आमच्या भावना दुखावल्या म्हणे. अरे, ज्याच्यावर गाणं तो हसला, तुमचं कुठं दुखलं? मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्यात पहिलं कडवं मानाचं असतं. "मान आमाला शिकवू नका," त्यांच्यातला एकजण म्हणाला, "ह्याची नोकरी कुणाच्या कॉलेजात हाय ते ह्याला इचारा."

मग ते झालं जे हल्ली आमच्याकडं रीतच झालीय. भिंतीला उभं करायचं, हात जोडायला लावायचे, माफीचा व्हिडिओ काढायचा आणि गावभर सोडायचा. भावाचा आवाज बारीक आला म्हणून त्याला परत म्हणायला लावलं. त्याची बायको दारात उभी होती. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती, पण नोकरी त्याची, पोरं त्याची. 

नोकरी राहिली. गाणं गेलं. मॅचला यायचा, पण हलगी घरी. लोक म्हणायचे, "एखादं कडवं तरी होऊ द्या की." तो मान हलवायचा. गोल झाला तरी मैदान मयताच्या घरासारखं गप्प. दुसरं कुणी गायला उभंच राहीना. व्हिडिओ सगळ्यांनीच बघितला होता.

यंदा साहेबांनी परत पक्ष बदलला. ती पोरं मात्र मागच्याच पक्षात राहिली. फायनलला साहेब आले नव्हते, पण तीच पोरं टेम्पोत भलामोठा स्पीकर घालून आली आणि तेच कडवं लावलं, भावाच्या आवाजातलं, पुन्हा पुन्हा. आता त्यांच्या भावना कुठं गेल्या होत्या देव जाणे. माफी शूट करणाऱ्यानं भावाच्या खांद्यावर हात टाकला. "काय गायलायस गड्या! आता कुणाला भितोस? म्हण की परत."

भाऊ उठला आणि मला बाभळींच्या मागं घेऊन गेला. स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"दादा, धरा जरा. साहेबांला कळायच्या आत झालेलं बरं."

"अरे, तू आज तोंडसुद्धा उघडलं नाहीस."

"आवाज तर माझाच हाय न्हवं."

त्यानं हात जोडले आणि सगळी माफी एका दमात म्हणली. कुठं अडखळला नाही. पाठ होती त्याला.  झाल्यावर त्यानं मोबाईल कानाशी नेऊन ऐकलं. पुढं त्याची माफी ऐकू येत होती, मागं त्याचंच गाणं.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला, "ते बंद झालं की."

गाणं थांबायची वाट बघत आम्ही दोघं बाभळीखाली उभे राहिलो.