फटफटीची चावी

जळगावच्या आमच्या जिनिंगच्या ऑफिसात कापसापेक्षा किश्शांचीच आवक जास्त! आम्ही सगळे सायकलवाले. त्यात प्रभाकरनं लष्कराची जुनी फटफटी घेतली, आणि वर्षभर दुसऱ्या विषयावर किस्साच घडला नाही.

*

सकाळी आला की प्रभाकर चावी खिशात ठेवायचा नाही. टेबलावर, अगदी मधोमध. हेडक्लार्क नाना एकदा कातावले, "अरे, तिला हार घालू का आता?"

मी हसलो खरा, पण दिवसभर माझी नजर त्या चावीवरच. जळायचो, दुसरं काय!

*

मग चावीचा स्विच बिघडला. खड्डा आला की गाडी बंद! एकदा भर बाजारात थांबली. आम्ही सगळे ढकलायला धावलो. कुणाच्या मदतीला इतक्या आनंदानं आम्ही कधीच गेलो नव्हतो.

*

तसला स्विच मुंबईतही मिळेना. शेवटी रहीमभाई मिस्त्रींनी घरातल्या दिव्याचं बटण सीटखाली बसवलं. बटण दाबा, किक मारा, चालू!

"अब चाबी फेंक दो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चावी पुन्हा टेबलावर. आता तर तिला चकचकीत साखळीसुद्धा!

*

चोपड्याला केळीवाले आबा होते. त्यांच्या सुमनसाठी माझे मामा शब्द टाकणार होते, पण मुहूर्तच बघत बसले. तेवढ्यात प्रभाकरला तिथून मुलगी बघायला बोलावणं आलं! त्याला बिचाऱ्याला माझं काहीच माहीत नाही. मलाच म्हणाला, "चल रे, तू असलास की धीर येतो."

गेलो. वाटभर देवाकडं एकच मागणं, बटण बिघडू दे. नाही बिघडलं.

प्रभाकरनं चावी सुपारीच्या तबकाशेजारी ठेवली. सुमन चहा देऊन आत गेली. बोलणी रंगात आली, आणि बाहेर फटफटी धडधडायला लागली!

आबा चावीकडं बघत ओरडले, "चावी तं आठेच शे! मंग गाडी कोन्ही चालू करी?"

धावत बाहेर आलो. पदर खोचून सुमन गाडीशेजारी उभी.

"आबा, चावी नुसती मिरवाले शे. बटन सीटखाले शे, मी खिडकीमाईन देखं."

प्रभाकर घामाघूम! मला तर नाचावंसं वाटलं. मोडलं, म्हटलं, आता मामांना कामाला लावतो.

सोमवारी टेबलावर चावी नव्हती. मी गोड आवाजात विचारलं, "काय रे, चावी कुठाय?"

"तिनं ठेवून घेतली," प्रभाकर लाजत म्हणाला.