मत दिलं आणि केस गेले

हातातला चहा आधी खाली ठेवा बघू. हसताना सांडला तर सोफ्याचं नवं कव्हर जाईल, आणि माझी ही फजिती ऐकून तुम्ही हसणार हे नक्की. मीही आता हसते. तेव्हा मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

मी पनवेलला शाळेत मराठी शिकवते. दर निवडणुकीला इलेक्शन ड्युटी माझ्या कपाळी ठरलेली. कुणाचं नाव वगळलं जाईल, कुणी आजारी पडेल, पण शैलाताई केंद्रावर हजर! काम एकच, मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावायची. इतकी बोटं रंगवली आहेत की अर्धं पनवेल मी चेहऱ्यावरून नाही, तर्जनीवरून ओळखते.

तुम्ही म्हणाल, यात फजिती कुठे आली? येतेय, येतेय.

त्या वर्षांत मला कॉम्प्युटरमधल्या एका दुनियेचं वेड लागलं होतं. गेम नव्हे हो! गेममध्ये कुणी जिंकतं, कुणी मरतं. इथे नुसतं राहायचं. आपली एक बाहुली घ्यायची, तिला नाव द्यायचं, कपडे घालायचे आणि निघायचं फिरायला. समुद्रावरून उडत जा, बर्फात नाचा, बाकावर एखाद्या जपानी माणसाशेजारी जाऊन बसा. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा सूर्य मावळत होता आणि मी आ वासून बघत बसले. इकडे खऱ्या घरात कुकर शिट्ट्या मारून दमला, भात करपला, तरी मी बघतेच आहे!

"अहो, हे सगळं माणसांनी केलंय! रिकाम्या जागेत! एकेक दगड, एकेक पान!" मी ह्यांना म्हटलं.

"ते ठीक आहे, पण भात कोणी करायचा?" हे म्हणाले.

त्या दुनियेत आम्हा मराठी मंडळींनी एक छोटंसं बेट भाड्याने घेतलं होतं. संध्याकाळी सगळे तिथे जमायचे, माइक लावून गप्पा मारायचे. गणपतीत आरास स्पर्धा असायची. ज्याने त्याने आपापला गणपती मांडायचा आणि जगातून जो कोणी बघायला येईल त्याने मत द्यायचं.

दरवर्षी खरी लढत दोघांत. एक आमचे खारघरचे प्रधानसाहेब, बँकेत मोठे अधिकारी. दुसरा उरणचा जनार्दन, कोळ्याचा मुलगा, द्रोणागिरीला कंटेनर यार्डात नोकरी करायचा. आदल्या वर्षी जनार्दन जिंकला, आणि लगेच कुजबुज सुरू झाली. त्याला मत देणाऱ्या निम्म्या बाहुल्या म्हणे त्याच दिवशी जन्मलेल्या! एकट्यानेच बसून बनवल्या असणार, बोगस मतदान! जनार्दन जीव तोडून सांगत होता की ती त्याच्या गावची माणसं होती, त्याची आरास बघायला म्हणून आली होती. कुणी ऐकलं नाही.

त्या वर्षी स्पर्धा घेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याच दिवशी जनार्दन मला म्हणाला, "ताई, औंदा मतदान असा घ्या का कोनी माज्याकडं बोट दावला नाय पायजे. हरलो तरी चालंल. माज्या बापसानं मना इचारला, तू चोरून जिकलास काय रं? तवापासून घरात जेवान गोड लागत नाय."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, "जनार्दन, मी अख्खी लोकसभा पार पाडून आले आहे. तुझ्या बेटाचं मतदान म्हणजे काय रे! डोळ्यांत तेल घालून करते."

मग मला सुचली ती आयडिया. शाई! त्या दुनियेत आजवर कुणी बोटाला शाई लावली होती का? एकाने बनवलेली मतपेटी आयती मिळाली. तिला मी एक जांभळा ठिपका जोडून दिला. मत दिलं की ठिपका आपोआप मतदाराच्या डाव्या हाताला चिकटणार. तिथे शरीराच्या प्रत्येक भागाला एक आकडा असतो, तो तेवढा पेटीला सांगावा लागतो. डाव्या हाताचा आकडा मला पाठ होता. म्हणजे, पाठ आहे असं मला वाटत होतं. मराठीच्या बाईंचं आकड्यांचं पाठांतर ते!

आधी स्वतःवर करून का नाही पाहिलं, असं विचारताय ना? अहो, मतदान सुरू व्हायच्या आधी अधिकाऱ्याच्याच बोटाला शाई? कुठल्या नियमात बसतं हे?

शनिवार होता, अर्ध्या दिवसाची शाळा. घाईघाईने घरी आले आणि मतदान उघडलं. प्रधानसाहेबांनी संगमरवरी महाल उभा केला होता, चहूबाजूंनी कारंजी. खोटं कशाला बोलू, देखणा होता. आणि जनार्दनची आरास! होडीत बसलेला गणपती, खाली खाडी. पाणी हळूहळू चढायचं, होडी वर उचलली जायची, मग ओहोटी लागून चिखल दिसायला लागायचा आणि त्यात चिंबोऱ्या पळायच्या. मी काय खाडी पाहिली नाही? जन्म गेला इथे. तरी त्या चिखलाकडे मी हात जोडून बघत होते.

पहिलं मत प्रधानसाहेबांचं. त्यांची बाहुली म्हणजे रुबाबदार गडी, अंगात अचकन आणि खांद्यावर रुळणारे रेशमी केस. त्यांनी पेटीला हात लावला. टक्!

केस गायब! डोकं चकचकीत, आणि टाळूवर मधोमध एक जांभळा ठिपका!

"शैलाताई! माझे केस!"

"थांबा हं, बघते."

"बघता काय? कालच आणलेत! शाई बोटाला लागणार होती ना?"

आकडा चुकला होता. डाव्या हाताऐवजी डोक्याचा आकडा दिला होता मी. आणि त्या दुनियेचा कायदा असा की एका जागी एकच वस्तू राहते. नवी आली की आधीची निघून मालकाच्या कपाटात जाऊन पडते. डोक्यावर काय असायचं लोकांच्या? दुकानातून आणलेले, टोपीसारखे घातलेले केस!

"साहेब, केस तुमच्या कपाटात सुखरूप आहेत. मतदान संपलं की घाला."

"मग आत्ता पेटी दुरुस्त करा ना!"

आता मला सांगा, कशी करणार? मतदान सुरू झालं होतं. एका मतदाराला टक्कल आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला न्याय? "साहेब, सर्वांना समान वागणूक मिळेल," मी म्हटलं. आणि खरोखर मिळाली. पुण्याच्या वहिनींचा अंबाडा गेला, नाशिकच्या डॉक्टरांची शेंडी गेली. जो येईल तो मत देऊन तुळतुळीत होऊन बाहेर!

तेवढ्यात ब्राझीलची एक बाई उडत आली. नाव रोझा, गुडघ्यापर्यंत लाल कुरळे केस. थोडा वेळ आमचा तमाशा बघून तिने विचारलं, "हा तुमचा कुठला विधी आहे?"

आता काय बोलणार? आकडा चुकला म्हणून सांगू? देशाची इज्जत होती! मी म्हटलं, "आमच्याकडे देवाला केस वाहतात." यात खोटं काय? वाहतातच. मतदान करताना वाहत नाहीत, एवढंच.

रोझाने एकेक आरास नीट फिरून पाहिली, पेटीपाशी आली, वाकून नमस्कार केला आणि केस दिले. दिले ते दिले, वर सगळ्या मैत्रिणींना निरोप धाडले! बघता बघता रांग लागली. बेट इतकं भरलं की पळस्पे फाट्यावर शनिवारी गाड्या अडकतात तशा बाहुल्या जागच्या जागी अडकायला लागल्या. जपानी आले, जर्मन आले, एक यंत्रमानव आला, एक ड्रॅगन आला आणि त्याची आयाळ गेली. पण कुणी हसलं नाही, कुणी ढकललं नाही. जाताना प्रत्येक जण बाप्पापुढे क्षणभर थांबत होता. समोर मावळतीचं ऊन, जनार्दनच्या खाडीला भरती आलेली आणि किनाऱ्यावर जगभरातली टकली डोकी हात जोडून उभी. अहो, माझ्या अंगावर काटा आला! चूक माझी, थाप माझी, आणि त्यांची भक्ती मात्र खरी! पनवेलच्या टू-रूम-किचनमध्ये बसून मी हे बघतेय, यावर माझाच विश्वास बसेना.

अशात आली एक टोळी. सगळ्या बाहुल्यांची तीच पोनीटेल, तेच कपडे. कुणी भिंतीवर आपटतंय, कुणी पाण्यात पडतंय, एक बाई तर थेट गणपतीच्या उंदरावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकामागून एक मतं दिली, आणि एकीचाही केस हलला नाही!

"बोगस!" प्रधानसाहेब माइकवर ओरडले. "गेल्या वर्षीचीच टोळी! आजच जन्मलेल्या आहेत या!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दुनियेत नव्या बाहुलीला जन्मतःच फुकटचे केस मिळतात. ते घातलेले नसतात, कातडीतच उगवलेले असतात, म्हणून निघत नाहीत. मुरलेली माणसं दुकानातून चांगले केस आणतात, ते निघतात. म्हणजे माझ्या चुकीने बोगस मतदार ओळखायचं यंत्रच तयार झालं होतं! मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी भर सभेत जाहीर करून टाकलं, "मत देऊनही ज्याचे केस शाबूत, तो बोगस! त्याचं मत बाद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त जनार्दन हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी कोनाला बोलावला नाय. शप्पत."

तेवढ्यात उंदरावरच्या बाईंनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "शैलाताई, अहो मी मोकाशी. गणिताची."

"कोण?"

"तुमच्या शाळेतली! सगळी स्टाफरूम आलीय. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसलोय आम्ही. आठ दिवस तुम्ही दुसरं काही बोलला नाहीत, म्हटलं बघू तरी काय आहे. छान आहे हो! मघापासून भांडतोय आम्ही, महाल की होडी. आणि तुम्ही आम्हाला बोगस म्हणता?"

सोमवारी याच बाईंशेजारी बसून डबा खायचा होता.

"माफ करा मोकाशी बाई! सगळी मतं धरली जातील," मी म्हटलं.

"अंहं! नियम जाहीर झालाय. तुमचाच आहे, ताई," प्रधानसाहेब म्हणाले.

मग जनार्दनच बोलला, "बाद करा ताई. माज्यापायी नियम मोडू नका. पन बोगस म्हनू नका त्यांना. गेल्या वर्साला माजी मानसं पन अशीच आलती. मानसंच हायेत ती."

मी जड मनाने पेटीतल्या नोंदीवरून ती मतं बाजूला काढली आणि मोजणी केली. महाल आणि होडी, बरोबरी!

"शैलाताईंचं मत राहिलंय!" कोणीतरी म्हणालं. आणि मग काय, एकच गजर! "केस द्या, ताई! केस द्या!" रोझासुद्धा नाचायला लागली. इतका वेळ सगळ्यांना टकलं करून मी एकटीच केस मिरवत उभी होते ना!

पेटीपुढे गेले. मत दिलं. कुणाला दिलं ते विचारू नका, गुप्त म्हणजे गुप्त. डोळे घट्ट मिटून घेतले. आता टाळ्या होतील, मग टाळ्या होतील. कसचं काय! चिडीचूप. म्हणून डोळे उघडले.

केस जागच्या जागी! भांगातून जांभळा ठिपका तेवढा डोकावत होता.

अहो, तीन वर्षं मी त्या दुनियेत राहत होते, पण एकदाही दुकानाची पायरी चढले नव्हते. जन्मतः मिळालेले केस बरे आहेत की, उगाच खर्च कशाला? असा आमचा कोकणस्थी हिशेब!

"म्हणजे ताई..." प्रधानसाहेब अडखळले, "तुम्ही बोगस?"

कुठूनतरी एक खुदकन आवाज आला, आणि मग सगळं बेट गदागदा हसायला लागलं. माझ्या कानशिलांची नुसती आग होत होती. हसू ओसरल्यावर प्रधानसाहेब म्हणाले, "तीन वर्षं रोज इथे येणारी बाई बोगस ठरत असेल, तर तो नियमच रद्द करायला हवा. धरा सगळी मतं. आणि जनार्दन, गेल्या वर्षी मी बोललो ते चुकलं माझं. ती तुझ्या गावची माणसंच असतील."

"व्हतीच साहेब," जनार्दन म्हणाला.

स्टाफरूमची मतं परत पेटीत आली आणि होडी घसघशीत फरकाने जिंकली. प्रधानसाहेबांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. चुकीचा आकडा, देवाच्या नावावर मारलेली थाप, मूर्खासारखा नियम, आणि एवढं सगळं करूनही निकाल अगदी खरा लागला होता! हे कसं झालं, मला आजही उमगलेलं नाही.

माइकवर जनार्दनच्या घरातली कुजबुज ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "ताई, माजा बापूस हितंच बाजूला बसलाय. लय खूश झालाय. पन तो इचारतंय, इतकी बोंबाबोंब झाली, मंग बोगस कोन घावला का नाय?"

"घावला म्हणावं," मी म्हटलं. "निवडणूक अधिकारी!"