मांगीलालशेठचं ‘नाही’

आमच्या शेलूबाजारात मांगीलालशेठ रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर बसून पेपर वाचतात आणि जगाला झापतात. सत्तरी ओलांडली, पण जिभेची धार तीच. सोयाबीनची खरेदी आता मुलगा पारस बघतो. शेठकडे उरलाय पेपर आणि बाजाराच्या पंचाईतीतला शब्द.

ही पंचाईत म्हणजे आमची जुनी सोय. माल ओला की वाळलेला, यावर शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं जुंपलं की पंचाने दाणा दाताखाली फोडायचा. तो सांगेल ते दोघांनी ऐकायचं. कुणाचं मन दुखू नये म्हणून पंच नेमायचा तो सगळ्या दुकानदारांच्या होकाराने. एकाने नाही म्हटलं की नाव गळालं. जुने पंच वारले त्याला दोन वर्षं झाली. बियाणं राखणाऱ्या ज्योत्स्नाबाईंचं नाव पुढे आलं. सगळे हो म्हणाले, शेठ नाही म्हणाले. कारण विचारलं तर चष्मा पुसत बसले.

त्या दिवशी शेठ जिनिव्हावर तापले होते. देशादेशांच्या व्यापारातले तंटे मिटवणारं तिथलं अपिलाचं पीठ कित्येक वर्षं रिकामं, कारण नेमणुकीला तिथंही सगळ्यांचा होकार लागतो आणि एक बडा देश न्यायाधीश नेमूच देत नाही. “एकट्याच्या आडमुठेपणापायी साऱ्या जगानं ताटकळावं? असा कायदाच मोडाले पाह्यजे.”

समोर आसेगावचे शेतकरी जगदेव उभे होते. त्यांचं सोयाबीन ओलं ठरवून पारसने भाव पाडला होता, आणि दाद मागायला पंचच नव्हता.

“शेठजी, जिनिव्हा दूर हाय,” ते शांतपणे म्हणाले. “इथं कोन अडवून राह्यलं?”

शेठनी पेपरची घडी घातली. मला त्यांची कीव आली, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी फोन करून ज्योत्स्नाबाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी तीन पोत्यांतले तीन दाणे फोडले. “वाळेल हाय. पुरा भाव द्या.”

पारस वडिलांकडे वळला. “बाबूजी, तुमी नाई म्हणा ना.”

“बाईले मीच बलावलं, आता नाई म्हणता येत नाई. अन् संध्याकाळी साऱ्या दुकानदारांले बलावतो. जास्त लोकं हो म्हणले का पंच नेमला, असं ठरवू. एकाच्या नाईवर बाजार अडाले नाई पाह्यजे.”

“पण आपण हरलो ना.”

“हरलो,” शेठ म्हणाले. “बाई खरं बोलते, हे मले पयलेपासून मालूम होतं. म्हणून तं दोन वर्सं नाई म्हणत होतो.”